चौदा तालुक्यांची तालीम

अहिल्यानगर हे रस्त्यांचे शहर आहे. पुणे, मनमाड, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर, पाथर्डी, कल्याण अशा सर्व दिशांना येथून रस्ते फुटतात, आणि नकाशा समोर ठेवला तर शहर चाकाच्या तुंब्यासारखे व हे रस्ते आऱ्यांसारखे दिसतात. १४९० मध्ये अहमद निजामशहाने वसवलेल्या या नगरीचे वाहनांशी असलेले नाते आजही जिवंत आहे. शहराबाहेर संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था आहे. तिच्या वसाहतीचे नावच वाहननगर. लष्करी वाहनांबरोबर बाजारात येणाऱ्या गाड्यांचीही तेथे कसोटी लागते. खडबडीत पट्टे, चढ आणि वेगाचे वळणदार मार्ग यांवरून गाडी पुन्हा पुन्हा पळवली जाते. रस्त्यावर येण्यापूर्वी तिच्यातले दोष उघडे पडावेत, हाच त्यामागचा हेतू.

याच शहरातील रणगाडा संग्रहालयात जगभरचे जुने रणगाडे मांडलेले आहेत. त्यांच्या रांगेत एक रोल्स-रॉईस चिलखती गाडीही उभी आहे. ते अवाढव्य लोखंड पाहून बाहेर पडलेले एखादे कुटुंब वाहनतळावरच्या आपल्या छोट्या गाडीत बसते, तेव्हा ती गाडी क्षणभर खेळण्यासारखी वाटते. आणि तरीही अनेक घरांत याच खेळण्याच्या भरवशावर मोठे बेत रचले जातात. कोणाला कन्याकुमारी गाठायची असते, कोणाला नेपाळ, तर कोणाला दहा-बारा गाड्यांच्या मेळ्यात हजारो किलोमीटरच्या रॅलीला जायचे असते. प्रश्न एकच असतो : एवढीशी, एवढी स्वस्त गाडी तेवढा पल्ला झेपवेल का?

या प्रश्नाचे उत्तर जगाने अनेकदा दिले आहे. इंग्लंडमध्ये २००४ साली सुरू झालेल्या मंगोल रॅलीचा पायाच मुळी लहान इंजिनाची गाडी हा आहे. पहिल्या वर्षी सहा गाड्या मंगोलियाकडे निघाल्या आणि चार पोहोचल्या. आपल्याकडे २००९ मध्ये टाटा नॅनो रस्त्यावर आली. पुढच्याच वर्षी व्हेनेसा एबल या ब्रिटिश लेखिकेने मुंबईहून निघून नॅनोमधून भारतभर सुमारे दहा हजार किलोमीटरचा प्रवास केला आणि त्यावर पुस्तक लिहिले. त्याआधीच्या पिढीत १९८३ साली आलेल्या मारुती ८०० ने कित्येक कुटुंबांना पहिली लांबची यात्रा घडवली होती.

परंतु सर्वांत बोलके उदाहरण १९६८ सालचे आहे. त्या वर्षी २४ नोव्हेंबरला लंडनहून ९८ गाड्या सिडनीच्या दिशेने निघाल्या. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान आणि खैबर खिंड ओलांडून त्या दिल्लीमार्गे मुंबईला आल्या. मुंबईपर्यंत ७२ गाड्या टिकल्या. तेथून त्या बोटीने ऑस्ट्रेलियाला गेल्या आणि तो खंड आडवा ओलांडून सिडनीला पोहोचल्या. विजयी ठरली ती हिलमन हंटर, म्हणजे मध्यमवर्गीय कुटुंबे वापरत असत तशी एक साधी गाडी. शर्यतीतली ती सर्वांत वेगवान गाडी नव्हती. शेवटच्या टप्प्यात आघाडीवर असलेल्या सिट्रोएन गाडीची समोरून आलेल्या एका मिनीशी धडक झाली. मागून येणारे पॅडी हॉपकर्क आणि त्यांचे साथीदार शर्यत बाजूला ठेवून जखमींच्या मदतीला थांबले. त्यांना दुसरा क्रमांक मिळाला. त्या रॅलीच्या आठवणी निघतात तेव्हा विजेत्या अँड्र्यू कोवन यांच्याइतकेच आदराने हॉपकर्क यांचे नाव घेतले जाते. लांबच्या पल्ल्यात पोहोचणे हे पळण्यापेक्षा मोठे असते, आणि माणूस पोहोचण्यापेक्षा मोठा असतो, हे दोन्ही धडे एकाच दिवशी मिळाले.

आता स्वस्त गाडीचा दुसरा चेहराही पाहिला पाहिजे. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातील पाच लोकप्रिय छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर धडकवून पाहिल्या. त्या सर्व एअरबॅग नसलेल्या प्राथमिक आवृत्त्या होत्या. प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी त्यांपैकी एकीलाही एकसुद्धा तारा मिळाला नाही. नॅनोही त्यांत होती. त्यानंतर नियम कडक झाले आणि नव्या गाड्यांना पुढच्या दोन एअरबॅग सक्तीच्या झाल्या. मात्र अंगणात उभी असलेली जुनी गाडी त्यामुळे बदललेली नाही. किंमत कमी करताना जे वगळले गेले, त्याची भरपाई चालकाला स्वतःच्या वागणुकीने करावी लागते. म्हणूनच छोट्या गाडीच्या रॅलीचा बेत उत्साहाने नव्हे, तर मर्यादांची यादी करून सुरू व्हावा.

पहिली मर्यादा वजनाची. पहिल्या नॅनोचे स्वतःचे वजन साधारण ६०० किलो, इंजिन दोन सिलिंडरचे आणि सुमारे ६२४ सीसीचे. सरासरी ६५ किलोची चार माणसे बसली की २६० किलो झाले. त्यात ४० किलो सामान ठेवले तर गाडी स्वतःच्या निम्मे वजन अंगावर घेऊन चढ चढू लागते. अशा गाडीत प्रत्येक पिशवीला उत्तर द्यावे लागते. दुसरी मर्यादा इंधनाची. टाकी १५ लिटरची. भरल्या गाडीने लिटरला १८ किलोमीटर दिले असे धरले, तर टाकी २७० किलोमीटरला कोरडी पडते. म्हणून २०० किलोमीटर झाले की पेट्रोल भरायचे, काटा काहीही दाखवो. तिसरी मर्यादा रचनेची. पुढची चाके अरुंद, मागची रुंद आणि सगळी बारा इंची. इंजिन मागे, तर पेट्रोल भरण्याचे तोंड पुढच्या झाकणाखाली. पहिल्या गाड्यांना मागचे झाकण उघडत नसे. कोणती पिशवी कोठे जाणार, कोणती वस्तू रस्त्यावर चटकन हाती लागली पाहिजे, हे घरीच ठरवले नाही तर पंक्चरच्या वेळी सगळा संसार रस्त्याच्या कडेला मांडावा लागतो. आणि चौथी मर्यादा कागदांची. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नॅनोच्या पहिल्या गाड्यांची ती मुदत उलटून गेली आहे. त्यामुळे नोंदणीचे नूतनीकरण, विमा आणि पीयूसी यांची तपासणी इंजिन उघडण्याच्याही आधी व्हायला हवी.

ही यादी हाती आली की तालमीची वेळ येते. तिच्यासाठी अहिल्यानगर जिल्ह्याइतकी सोयीची भूमी शोधून सापडणार नाही. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील हा सर्वांत मोठा जिल्हा. विस्तार १७ हजार चौरस किलोमीटरहून अधिक, तालुके चौदा. सह्याद्रीचे माथे, पाटपाण्याची काळी सपाटी, अवर्षणाचे माळ आणि नद्यांचे काठ हे सारे एकाच जिल्ह्यात आहे. चौदाही तालुक्यांना स्पर्श करणारी फेरी साधारण सातशे-आठशे किलोमीटरची होते. चार दिवसांत ती निवांत पूर्ण होते. आणि कोठेही गाडी थकली तरी घर काही तासांच्या अंतरावर असते. परक्या मुलुखात जे निस्तरता येणार नाही, ते येथे शिकून घेता येते.

हौशी रॅलीचा एक नियम या फेरीला उपयोगी पडतो. वेळ, वेग आणि अंतर यांच्या मेळावर चालणाऱ्या रॅलीत, ज्यांना टीएसडी म्हणतात, सर्वांत आधी येणारा जिंकत नाही. प्रत्येक टप्प्याला सरासरी वेग ठरवून दिलेला असतो. ताशी ३६ किलोमीटर सांगितले असतील, तर सहा किलोमीटर बरोबर दहा मिनिटांत झाले पाहिजेत. उशिरा येणाऱ्याचे गुण जातात, तसे लवकर येणाऱ्याचेही जातात. चालकाशेजारी बसणारा मार्गदर्शक ओडोमीटर व घड्याळ पाहून हिशेब ठेवतो. घरात हे काम शाळकरी मुलामुलींना द्यावे. त्यांना गणित मिळते आणि चालकाला शिस्त.

फेरीचा पहिला दिवस पूर्वेचा. पाथर्डी रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर डोंगरमाथ्यावरची तीन मजली अष्टकोनी वास्तू दिसू लागते. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. प्रत्यक्षात ती निजामशाहीतील सलाबतखानाची कबर. माथ्यापर्यंतचा रस्ता गाडीची पहिली परीक्षा घेतो. भरल्या गाडीला चढावर थांबवून हँडब्रेकच्या आधाराने पुन्हा सुरू करता येते का, क्लचचा जळका वास येतो का, हे येथेच कळते. पुढे करंजीचा घाट येतो. चढताना जो गिअर लागतो, त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा जुन्या चालकांचा नियम छोट्या गाडीला तर प्राणासारखा जपावा लागतो. इंजिनानेच वेग आवरला म्हणजे ब्रेक तापत नाहीत.

घाट संपून पाथर्डी, मग शेवगाव, आणि शेवगावच्या सीमेवर नाथसागराचे पसरलेले पाणी. तेथून नेवासे. प्रवरेच्या काठी ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली असे मानतात, तो पैस खांब येथे आहे. नेवाशानंतर राहुरी, श्रीरामपूर आणि कोपरगाव असा सपाट ऊसपट्टा सुरू होतो. वरवर हा टप्पा सर्वांत सोपा. खरा धोका मात्र येथेच आहे. गळीत हंगामात उसाने लादलेल्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. त्यांच्या मागे दिवा असेलच असे नाही. अंधारात उभ्या ट्रॉलीवर मागून आदळणे हा या भागातल्या भीषण अपघातांचा परिचित प्रकार आहे, आणि ज्या गाडीचे नाक हातभर लांबीचे, तिला तो परवडणारा नाही. म्हणून या फेरीचा दुसरा नियम : सूर्य मावळण्याआधी मुक्काम. ज्या घरांत सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याची रीत आहे, त्यांना हा नियम वेगळा शिकवावा लागत नाही. हिवाळ्यात सकाळी सातला निघून दोन विसावे घेतले, तरी ताशी ४० च्या सरासरीने दोनशे किलोमीटर दुपारी चारच्या आत होतात. पहिला मुक्काम राहाता तालुक्यात शिर्डीला.

सकाळच्या वेळी आणखी एक भान हवे. याच रस्त्यांच्या कडेने आषाढात दिंड्या चालतात, आणि चातुर्मास सोडून वर्षभर पहाटे साधू-साध्वींचा विहार सुरू असतो. आचार्य आनंदऋषीजी याच जिल्ह्यातले, पाथर्डी तालुक्यातील चिचोंडीचे. त्यांनी आयुष्यभरचा प्रवास पायीच केला. धुक्यात पांढऱ्या वस्त्रातील आकृती फार उशिरा दिसते. पायी चालणाऱ्याला चाकावरच्या माणसाने वाट करून द्यावी, हा रस्त्याचा पहिला धर्म आहे. गाडी कितीही लहान असली तरी चालणाऱ्याच्या तुलनेत ती रणगाडाच असते.

दुसरा दिवस पश्चिमेचा आणि पाण्याच्या उगमाकडचा. आदल्या दिवशी पाहिलेला ऊस ज्या पाण्यावर उभा आहे, ते प्रवरेच्या कालव्यांतून येते. त्याच पाण्यावर १९५० च्या सुमारास लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. संगमनेर आणि अकोले ओलांडून राजूरमार्गे वर चढत गेले की भंडारदऱ्याचे विल्सन धरण येते. १९२६ मध्ये ते पूर्ण झाले. समोर १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर. जलाशयाच्या वळशावर रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर आणि पुढे घाटघर, जेथे जमीन एकाएकी संपून कोकण खाली पसरलेले दिसते. पावसाळ्यात येथे इतका पाऊस कोसळतो की घाटघरला नगरचे चेरापुंजी म्हणतात.

हा टप्पा छोट्या गाडीची नम्रता पाहतो. अरुंद वळणांवर ती मोठ्या गाडीपेक्षा सहज फिरते, समोरून एसटी आली तर कडेला सामावते, हे तिचे मोठेपण. परंतु चढावर मागे रांग लागली तर थांबून वाट देण्यात कमीपणा नाही. येथे सामानाचा शेवटचा हिशेबही होतो. दोन दिवसांत जी पिशवी एकदाही उघडली नाही, ती खऱ्या प्रवासात येणार नाही. उरावे ते एवढेच : पिण्याचे पाणी, खाखरे-दशम्यांसारखा टिकाऊ फराळ, प्रथमोपचाराची पेटी, आणि गाडीसाठी स्टेपनी, जॅक, पाना, हवा भरण्याचा पंप, फॅन बेल्ट, क्लच वायर, काही फ्यूज, लिटरभर ऑइल व कूलंट, ओढण्याचा दोर आणि रस्त्यावर उभा करायचा लाल त्रिकोण. यांतील प्रत्येक वस्तू वापरता येणारी किमान दोन माणसे गाडीत हवीत. स्टेपनी बदलायला मुलांसह सर्वांनी एकदा तरी शिकावे, आणि ते घरच्या अंगणात नव्हे, रस्त्याकडेच्या उतरत्या मातीवर.

तिसऱ्या दिवशी अकोल्याहून संगमनेरला परत येऊन पुणे रस्त्याने दक्षिणेकडे वळायचे. चंदनापुरीचा घाट ओलांडून, आळेफाट्यावरून कल्याण-नगर रस्त्याने पारनेर तालुक्यात शिरले की हवा आणि माती दोन्ही बदलतात. कालचे धुके स्वप्नासारखे वाटते. टाकळी ढोकेश्वरची लेणी, निघोजजवळ कुकडीच्या पात्रात पाण्याने कोरलेले रांजणखळगे, पाणलोट विकासासाठी देशभर माहीत झालेले राळेगणसिद्धी हे सारे याच कोरड्या पठारावर. येथे इंजिनाचे तापमान पाहायचे. उन्हात काटा वर चढू लागला तर थांबायचे, आणि गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडायचे नाही. ज्या मुलुखाने पाण्याचा थेंब न् थेंब मोजायला शिकवले, तेथे चालकानेही गाडीची तहान ओळखावी, हे साजेसेच आहे. मुक्काम श्रीगोंद्याला.

चौथा दिवस भीमेच्या बाजूचा. कर्जत तालुक्यात सिद्धटेकचा गणपती आणि रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य. गवताळ माळावर काळविटांचा कळप उड्या घेत जातो, तेव्हा मुले इंजिन बंद करायला सांगतात, आणि तो विसावा वेळापत्रकात नसला तरी घ्यावा. पुढे जामखेड तालुका, आणि त्यातले चोंडी हे लहानसे गाव. १७२५ साली येथे अहिल्याबाईंचा जन्म झाला. काशी, सोमनाथ, गया, रामेश्वर अशा दूरदूरच्या ठिकाणी त्यांनी मंदिरे, घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या. कोणत्या वाटेवर यात्रेकरूला पाणी मिळत नाही, कोठे रात्रीचा आसरा नाही, याचा विचार त्यांनी महेश्वरी बसून केला. अनोळखी वाटसरूची काळजी वाहणाऱ्या या स्त्रीचेच नाव २०२४ मध्ये जिल्ह्याला मिळाले. चोंडीहून परत नगर गाठले की फेरी पूर्ण होते.

घरी आल्यावर वही उघडायची. किती पेट्रोल लागले, कोणत्या चढावर दम लागला, कोणाला गाडी लागली, पाठ कोणाची दुखली, हे सारे लिहून काढायचे. आजी-आजोबांना दुसऱ्या दिवशीचा घाट सोसला नसेल, तर मोठ्या प्रवासात त्यांनी पुढच्या मुक्कामी रेल्वेने यावे. त्यात त्यांचा मान कमी होत नाही, उलट सर्वांचा प्रवास सुखाचा होतो. गाडीने काही दोष दाखवला असेल तर ओळखीच्या मिस्त्रीकडे ती आठवडाभर ठेवावी आणि निघण्याची तारीख पुढे ढकलावी. तारखेसाठी गाडी दामटणे हा सर्वांत महाग पडणारा उतावळेपणा आहे.

तालीम पार पडली तर जग खुले आहे. नेपाळला भारतीय गाडी सीमेवर भन्सार भरून नेता येते, आणि आपले वाहन परवानेही तेथे चालतात. त्यापलीकडच्या अनेक देशांसाठी मात्र गाडीचा पासपोर्ट म्हणावा असा कार्ने हा दस्तऐवज लागतो. मुंबईची १९१९ साली स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन तो देते, आणि त्यासाठी मोठी रक्कम तारण ठेवावी लागते. चालकाचा आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून मिळतो. चीनमधून जायचे तर तेथील परवाना आणि सोबत स्थानिक मार्गदर्शक हवा, आणि तो खर्च छोट्या गाडीच्या किमतीलाही मागे टाकू शकतो. ज्याला हे गणित जमत नाही, त्याने खट्टू होऊ नये. कन्याकुमारीपासून लडाखपर्यंत आपलाच देश पुरून उरणारा आहे.

वाहननगरच्या कसोटी-मार्गावर गाडी फिरून फिरून त्याच जागी येते. चौदा तालुक्यांची फेरीही निघाल्या ठिकाणीच संपते. तरी दोन्हींमधून बाहेर पडणारी गाडी आत गेली तशी राहत नाही. तिचे दोष कळलेले असतात. आणि चार दिवस तिच्यासोबत काढलेल्या माणसांना स्वतःचेही थोडे कळलेले असते : किती वेगात आपण भान हरवतो, किती सामानाशिवाय आपले चालते, वाटेत कोणी अडकला तर आपण थांबतो की नाही. एवढे कळल्यानंतरच नकाशा पुन्हा उलगडावा आणि नगरच्या वेशीबाहेर लांबची रेघ ओढावी.